दहावीचा माल

जून महिन्याचा दुसरा सोमवार, सकाळी साडेअकरा. रक्कम बाराशे चाळीस रुपये. हजर माणसं चार. काउंटरमागे मी. माझ्या डाव्या हाताला रॅकेटला गट, म्हणजे जाळीची दोरी, घालत बसलेले आमचे कारागीर सलीमभाई. काउंटरपलीकडे किशोरभाऊ, आणि त्यांच्या एक पाऊल मागे, भिंतीवरच्या नेटकडे बघत उभी असलेली त्यांची मुलगी तेजल. काउंटरवर बुटांचं एक खोकं.

हे इतकं नेमकं लिहिते, कारण त्या दिवशी मी गिऱ्हाइकाशी भांडले, आणि त्या भांडणाच्या पुढे आमच्या गल्लीत दोन-तीन वेगवेगळ्या कहाण्या झाल्या. एकीत तर मी खोकं फेकून मारल्याचं सांगतात. मी खोकं फेकलं नाही. आवाज चढवला, तो मात्र समोरच्या चहावाल्यापर्यंत गेला, हे खरं आहे.

धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. ते माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, सुरू केलं. भाऊ पुण्याला स्थायिक झाला, त्यामुळे नानांनंतर मीच बघते. मिस्टर जळगावला नोकरीला आहेत, शनिवारी घरी येतात. मी स्वतः कधीच खेळाडू नव्हते, हे आधी सांगून टाकते. ‘स्वतः खेळायची म्हणून खेळाची बाजू घेते’ असं कोणाला म्हणता येऊ नये. मी विकते. पण विकणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी खेळणाऱ्याला दिसत नाही. कोण कितव्या वर्षी दुकानात यायला लागतो आणि कितव्या वर्षी यायचा थांबतो, ते काउंटरमागून स्वच्छ दिसतं.

आमच्या धंद्याचे हंगाम दोन. एक उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा बॅटी, बॅडमिंटन, स्केट्स जातात. दुसरा जुलैपासून पुढे, शालेय स्पर्धांचा. तेव्हा कबड्डीचे बूट, खो-खोचे नी-कॅप, टीमच्या जर्सी. या दोन्हींच्या मध्ये जून येतो. जूनमध्ये आमच्याकडे विक्री कमी आणि परत येणारं सामान जास्त. मुलगा दहावीत गेला की आई-वडील त्याचं सामान पिशवीत घालून आणतात. त्यात खराब काही नसतं. फुटकी बॅट कोणी आणत नाही. बॅटीला जवसाचं तेल पाजलेलं असतं, ग्रिप नवी असते, रॅकेटच्या पिशवीवर मुलाचं नाव मार्करने लिहिलेलं असतं. आम्ही ते अर्ध्या किमतीत घेतो आणि थोडा नफा ठेवून विकतो. जुनी गिऱ्हाइकं जुलैत येऊन हळूच विचारतात, “दहावीचा माल आला का?” हा शब्द नानांच्या वेळेपासूनचा आहे. माझं घर या मालावरही चाललं आहे, साधूपणाचा आव आणत नाही.

मुलींचा दहावीचा माल मात्र नेहमीच कमी. कोणाला वाटेल, मुली खेळ सोडत नाहीत म्हणून. तसं नाही. त्यांचा खेळ सातवी-आठवीतच सुटलेला असतो. दहावीपर्यंत परत आणण्यासारखं काही उरतच नाही. म्हणूनच तेजल माझ्या लक्षात होती. नववीपर्यंत टिकलेली, कबड्डीत चढाई करणारी, दरवर्षी बूट घासून संपवणारी मुलगी. सहाच दिवसांपूर्वी बापाने तिला मॅटवरचे नवे बूट घेऊन दिले होते. हल्ली स्पर्धा मॅटवर होतात, मातीवरचे बूट तिथे घसरतात.

“ताई, हे बदलून पाहिजेत,” किशोरभाऊ म्हणाले.

“नंबर चुकला का?”

“नंबर बरोबर आहे. तिला नकोत आता. दहावी आहे.”

“तिला नकोत की तुम्हाला?”

ते कसनुसं हसले. “तेच ते. क्लासची बॅच पाच ते सात. मग प्रॅक्टिस कधी करणार? एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“बरं. बदलून काय देऊ?”

“माझ्या मापाचे द्या. आठ नंबर. चालायचे.”

“कोणी चालायचं?”

“मीच. डॉक्टरांनी सांगितलं. शुगर निघाली.”

सलीमभाईंचा हात रॅकेटवर थांबला. गट घालताना दोरी ताणलेली असते, मध्येच हात थांबवत नाहीत, थांबवला तर ताण बिघडतो. इतक्या वर्षांत मी त्यांना मध्येच थांबताना फार वेळा पाहिलेलं नाही.

नेटकडे बघत असलेली तेजल तशीच बघत म्हणाली, “पप्पा आता चालायला लागणार, ताई. आणि मी बसायला.”

“गप ग.”

“खोटं आहे का?”

आता किशोरभाऊ कोण ते सांगायला हवं. वय चव्वेचाळीस. गाव नरडाण्याकडचं, घर आता देवपुरात, नोकरी एका पतसंस्थेत. अकरावीत असताना हा मुलगा गावातल्या सहा-सात जणांबरोबर एसटीने यायचा आणि नानांकडून व्हॉलीबॉल घ्यायचा. पैसे सगळ्यांचे मिळून. बॉल पसंत करायला तासभर. डोक्याच्या उंचीवरून खाली सोडायचा, किती उसळतो ते बघायचं, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. हा सगळ्यांत उंच, नाना त्याला ‘उंट’ म्हणायचे. “उंटाला विचारा,” म्हणायचे, “नेटच्या वर फक्त त्यालाच दिसतं.” गावात रोज संध्याकाळी खेळ व्हायचा. बारावीच्या वर्षी त्याच्या वडिलांनी तो बंद केला. एका वर्षासाठी. तो बारावी पास झाला, बी.कॉम. झाला, नोकरी लागली, लग्न झालं, घराचं कर्ज झालं. ते एक वर्ष अजून संपलेलं नाही.

मी विचारलं, “किशोरभाऊ, तुमचा खेळ कधी सुटला?”

“बारावीला.”

“परत कधी सुरू झाला?”

“आता कुठं ताई.”

“मग हिचा कधी होणार?”

“तिचं वेगळं आहे. हुशार आहे ती. दहावी झाली की मोकळी.”

“दहावी झाली की अकरावी, मग बारावी, मग ती कसली एंट्रन्स. मोकळी कधी होणार? तुमच्यासारखी चव्वेचाळीसाव्या वर्षी? डॉक्टरची चिठ्ठी घेऊन?”

इथे माझा आवाज चढला. मी आणखी जे बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. एवढं सांगते, की स्वतःच्या पोरीच्या पायातले बूट काढून स्वतःच्या पायात घालायला निघालेला बाप मी दुकानात पहिल्यांदाच बघितला, हे मी म्हणाले. आणि ते सगळ्या गल्लीने ऐकलं. किशोरभाऊंचे कान लाल झाले. पण ते गेले नाहीत, कारण खोकं माझ्या हातात होतं.

नियम माझ्या बिलावर छापलेला आहे. न वापरलेलं सामान आठ दिवसांत बदलून मिळेल. सहावा दिवस होता. बूट न वापरलेले होते. दुकानाचा नियम माझ्या रागासाठी बदलत नाही. मी तेजलचे पाच नंबरचे बूट आत ठेवले आणि त्यांना आठ नंबरचे चालायचे बूट दिले. किंमत तीच. देणं-घेणं शून्य.

ते दोघं गेल्यावर सलीमभाई म्हणाले, “ताई, हे लोक बूट नाही घ्यायला येत. औषध घ्यायला येतात. तुम्ही खोक्यावर लिहून देत जा, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर.”

मला हसू आलं नाही. ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे’ हे वाक्य मी तेव्हापासून मनातल्या मनात चघळत होते. इतकी वर्षं ते काउंटरवर ऐकते आहे. म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक जण मुलांवर जीव टाकणारी असतात. म्हणूनच चीड येते. वाईट माणसाने वाईट केलं तर समजतं तरी.

मला काउंटरवरून जे दिसतं ते लिहिते. मी डॉक्टर नाही, आणि आकडेमोड करणारी बाई असले तरी इथे आकडा देणार नाही, कारण मी मोजलेलं नाही आणि न मोजलेला आकडा मी कधी सांगत नाही. खेळ सुटतो तेव्हा आधी शरीर सुटत नाही. आधी सुटतो तो संध्याकाळचा तास. तो रिकामा राहत नाही. त्यात क्लास बसतो, क्लास संपला की मोबाईल बसतो, पुढे ओव्हरटाइम बसतो, टीव्ही बसतो. त्या तासाबरोबर माणसंही सुटतात. ‘चल रे, येतोस का?’ म्हणून खालून हाक मारणारं कोणी राहत नाही. चाळिशीत डॉक्टर तो तास परत मागतो, तेव्हा माणूस खिसे चाचपत बसतो. बूट मी देऊ शकते. तास आणि हाक मारणारा माझ्या दुकानात मिळत नाही.

दहावीच्या मालाला जोडून आमच्याकडे दुसरा एक माल आहे. त्याला सलीमभाई ‘डॉक्टरी माल’ म्हणतात. बूट, दोरीच्या उड्यांची दोरी, हातात धरायचे छोटे डंबेल, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी पळायचं मशीन. जळगावच्या एका व्यापाऱ्याने असं मशीन माझ्याकडून नेलं. जळगावात दुकानं नाहीत का? आहेत, पण हे आमच्या मिस्टरांच्या ओळखीचे. मोठं मशीन, हप्त्यावर. चार-पाच महिन्यांनी फोन आला, “ताई, मशीनला काहीतरी प्रॉब्लेम आहे, परत घ्या.” सलीमभाई टेम्पो घेऊन गेले. गच्चीवरच्या खोलीत मशीन होतं. पट्ट्यावर जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या. सलीमभाई उभेच राहिले. घरातल्या अक्का म्हणाल्या, “भाऊ, जरा दम धरा, अजून ओल्या आहेत.” ते दोन तास दम धरून बसले. बिबड्या सुकल्यावर मशीन आणलं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. हा व्यापारी शाळेत असताना धावण्यात पहिला यायचा, हे त्याने स्वतः मला सांगितलं होतं. भिंतीवर फोटोही आहे म्हणे, छातीवर फीत लागलेला.

म्हणजे लहानपणी खेळलेला माणूस मोठेपणी हिंडता-फिरता राहतो, असं सरसकट नाही. कपाटातली मेडलं कोणाचं पोट कमी करत नाहीत. जो खेळत राहिला, कितीही फालतू का खेळेना, तोच राहिला. मध्ये तोडलं की गेलं.

आणि तोडायला आपल्याकडे माणसं टपलेली असतात. शाळांचं सांगते. एका शाळेचे सर एकदा फुटबॉल घेऊन आले. “ताई, तुमचा बॉल डिफेक्टिव्ह आहे, हवाच धरत नाही.” बघितलं तर माझाच बॉल, पण चार वर्षांपूर्वीचा. प्लास्टिकची पिशवी तशीच, किमतीची चिकटपट्टी तशीच. कपाटात ठेवून ठेवून आतलं ब्लॅडर कडक होऊन चिरलं होतं. मी विचारलं, “चार वर्षांत एकदाही हवा भरली नाही?” सर म्हणाले, “मुलं खराब करतात हो.” मला पहिल्यांदा वाटलं मी नीट ऐकलं नाही. फुटबॉल मुलं खराब करतात! मग तो कोणी खराब करायचा? शिक्षणाधिकाऱ्यांनी? तो बॉल मी बदलून दिला नाही आणि ती शाळा तेव्हापासून माझ्याकडे येत नाही. न येवो.

दुसरे एक गृहस्थ. चांगल्या कपड्यातले, मुलगा बरोबर नाही. ते म्हणाले, “ताई, जिल्ह्याला ज्या खेळात कमी टीम उतरतात, असा एखादा खेळ सांगा. त्याचं सामान द्या.” दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, ते मिळवायचे होते. मी विचारलं, “मुलाला काय आवडतं?” ते म्हणाले, “त्याला क्रिकेट आवडतं, पण त्यात फार गर्दी आहे.” मी म्हणाले, “असा खेळ माझ्याकडे नाही.” ते मला मूर्खात काढून दुसऱ्या दुकानात गेले. नंतर कळलं, सर्टिफिकेट मिळालं. तो मुलगा कोणता खेळ खेळला हे त्यालाही सांगता येणार नाही.

नुसतं चिडून चालणार नाही, उलट बाजूही लिहायला हवी. नरडाण्याच्या एमआयडीसीत काम करणारी काही माणसं वर्षातून दोनदा माझ्याकडे येतात. बहुतेक जण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली, शिफ्टमध्ये काम करणारी, खोल्या करून राहणारी. नेट आणि बॉल घेतात. पहिली शिफ्ट सुटली की रोज व्हॉलीबॉल. त्यांच्यातले रूपसिंगभाऊ पन्नाशीला आले आहेत, अजून उडी मारून बॉल दाबतात. एकदा मी विचारलं, “दमत नाही का, आठ तास उभं राहून?”

“दमतो ना ताई. म्हणून तर खेळतो.”

“ते कसं?”

“मशीनवर दमतो ते वेगळं. ते दमणं झोपून जात नाही, खेळून जातं.”

त्यांचा खेळ लहानपणापासून कधी तुटलाच नाही. त्यांचं गोड कौतुक करून थांबणं मात्र मला पटत नाही. त्यांच्यातल्या कितीकांचा खेळ दहावीसाठी बंद झाला नाही, कारण शाळाच त्याआधी बंद झाली होती. ते काही चांगलं झालं नाही. शाळा राहायला हवी होती आणि खेळही. दोन्ही ठेवणं इतकं अवघड का आहे, हे मला कोणी सांगावं.

अपवादही आहेत. भडगावच्या एक निवृत्त नर्सबाई, आयुष्यात कधी कुठला खेळ खेळल्या नाहीत, आणि पन्नाशीनंतर बॅडमिंटन शिकल्या. त्यांची रॅकेट सलीमभाईंकडे गट घालायला येते. “दम लागतो, पण मजा येते,” म्हणतात. पण अशा बाई मला एकच ठाऊक आहेत. एका बाईच्या भरवशावर सगळ्या जिल्ह्याने खेळ सोडायचा का?

त्या सोमवारी दुपारी मी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहिलं, ‘दहावीचा माल घेतला जाणार नाही.’ दाराला लावला. सलीमभाईंनी वाचला.

“ताई, धंदा?”

“बुडेल थोडा.”

“थोडा?”

“बराच.”

“मग मला पगार?”

“तो बुडणार नाही.”

“मग लावा. पण खाली लिहा, भांडण फुकट मिळेल.”

त्या पुठ्ठ्याने फरक पडला का? नाही. लोक वाचायचे, हसायचे आणि पिशवी घेऊन पुढच्या चौकातल्या दुकानात जायचे. त्या दुकानदाराने मला फोन करून आभार मानले. जुलैची कमाई निम्म्यावर आली. एक आई मात्र पुठ्ठा वाचून पायरीवर बराच वेळ उभी राहिली. पिशवीत स्केट्स होते. मला वाटलं आत येऊन काहीतरी बोलेल. ती पायरी उतरून गेली. घरी गेली की पुढच्या चौकात, मला माहीत नाही.

तेजलचं मला अधूनमधून कळत होतं. तिच्या शाळेच्या सरांनी जुलैत टीमसाठी बूट नेले, पाच जोड. मी विचारलं, “तेजल?” त्यांनी हात हलवला. “सोडली हो. तिच्या जागी आठवीतली घेतली. चढाईला पाय थरथरतात तिचे, पण येते तरी.” टीम तालुक्यालाच हरली. तेजल असती तर जिंकली असती, असं मी म्हणणार नाही. खेळात तसं कोणी सांगू शकत नाही. पण तेजल असती, एवढं तरी झालं असतं.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, दुकानात गर्दी असताना, तीन माणसं पायरी चढून आली. पुढे पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ, काठी टेकत. मागे किशोरभाऊ, हातात खोकं. त्यांच्या मागे तेजल. ती आता नेटकडे बघत नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होती.

म्हातारे म्हणाले, “नानानी आंडेर ना तू?” नानांची मुलगी ना, असं. मी हो म्हणाले आणि स्टूल दिलं. हे किशोरभाऊंचे वडील. गावाहून दसऱ्याला आले होते. बसले नाहीत. काठीने मुलाकडे बोट केलं. “याले मीच बंद करेल व्हतं. बारावी शे म्हनीसन. आते सकाय-संध्याकाय गोया खास.” याला मीच बंद केलं होतं, आणि आता तो सकाळ-संध्याकाळ गोळ्या खातो.

“आबा, दुकानात गर्दी आहे,” किशोरभाऊ म्हणाले.

“ऱ्हाऊ दे. बठ्ठास्ले समजू दे.” सगळ्यांना कळू दे, असं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी चार रोज व्हयनात इठे शे. बाप बसेल, आंडेर बसेल. बठ्ठं घर बसेल शे. मी एकलाच फिरस, या वयमा.”

चार दिवस झाले मी इथे आहे, सगळं घर बसलेलं आहे आणि या वयात मी एकटाच फिरतो, हे ऐकून दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. तेजलही हसली. किशोरभाऊ हसले नाहीत. त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं.

“ताई, हे परत घ्या. तिचे द्या.”

मी खोकं उघडलं. आठ नंबर. बूट उलटे केले. तळव्यावरची कंपनीची अक्षरं जशीच्या तशी होती.

“किती चाललात?”

“गेलो होतो तीन-चार दिवस. एकट्याने होत नाही ताई. रस्त्यावर गाड्या, कुत्री. कंटाळा येतो. काय नुसतं चालायचं? कुठं जायचंच नसतं.”

हे बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी विसरणार नाही. अकरावीतला तो उंट क्षणभर दिसला मला, बॉल दोन्ही हातांत धरून उभा असलेला. माझा राग तेवढ्यापुरता खाली बसला. मग तेजल बोलली आणि तो पुन्हा उठला.

“शुगर वाढली त्यांची. आणि सहामाहीत मला नववीत होते तेवढेच मार्क पडलेत. ना कमी ना जास्त. मी म्हटलं, मग माझी प्रॅक्टिस गेली कुठं? कोणाच्या खात्यात जमा झाली?”

पतसंस्थेत काम करणाऱ्या बापाला पोरीने बरोबर जागेवर धरलं होतं.

“आता टीमचं काय?” मी तिला विचारलं.

“टीम झाली ताई. या वर्षीच्या स्पर्धा पण झाल्या. सर म्हणाले, ये, सकाळी सहाला ये, खेळ. म्हटलं येते.”

“नुसतं खेळायला?”

“हो. नुसतं.”

मी आत जाऊन तिचे बूट काढले. जपून ठेवले होते असं नाही, पाच नंबरला मधल्या काळात गिऱ्हाईक आलं नव्हतं, इतकंच. तिने तिथेच, काउंटरसमोर जमिनीवर बसून ते घातले. नाडी करकचून बांधली. उभी राहून दोनदा पाय आपटले. गर्दीतल्या एका बाईला जरा बाजूला व्हावं लागलं.

“तर मग हे बदलून,” किशोरभाऊ म्हणाले.

“बदलून नाही. आठ दिवसांचा नियम आहे.”

“जूनमध्ये दिले होते की बदलून.”

“जूनमध्ये सहावा दिवस होता. आता चार महिने झाले. हे तुमचे, तुमच्याकडेच राहतील. तिचे विकत घ्या.”

“ताई, वापरलेले नाहीत हो.”

“तेच तर म्हणते मी. वापरलेले नाहीत.”

आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. मी म्हणाले, “आबा, तुम्ही नाही. हे त्यांनी द्यायचे.” आबांनी हात तसाच बाहेर काढला आणि मान हलवली. त्यांना पटलं असावं. काठी दोन्ही हातांत धरून ते मुलाकडे बघत राहिले.

“सकाळी सहाला अंधार असतो,” किशोरभाऊ म्हणाले, म्हणजे स्वतःशीच. “मला सोडायला जावं लागेल. दीड तास थांबावं लागेल तिथं.”

सलीमभाई रॅकेटवरून मान न उचलता म्हणाले, “थांबता कशाला भाऊ? मैदानाला चकरा मारा. गाड्या नाहीत, कुत्री नाहीत. बूट आहेतच.”

“आणि कंटाळा आला तर आत या पप्पा,” तेजल म्हणाली. “मी तुमची पकड करते.”

ते खरंच चालतात का, हे लिहीपर्यंत मला कळलेलं नाही. मी विचारलेलं नाही, आणि नुसत्या ऐकीव गोष्टीवर मी लिहीत नाही. तेजलच्या शेवटच्या वर्षाच्या स्पर्धा गेल्या त्या गेल्या, त्या माझ्या दुकानात कुठल्याच नियमाने बदलून मिळत नाहीत. याचा राग मला आजही आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पुठ्ठा अजून दाराला आहे. पुढच्या जूनमध्येही राहील.

“काही कमी?” त्या शनिवारी किशोरभाऊंनी पाकीट काढताना विचारलं होतं.

“नाही.”

बाराशे चाळीस रुपये, रोख, किशोरभाऊंनी मोजून माझ्या हातात दिले. जूनमधले बाराशे चाळीस त्यांनी आधी दिलेच होते. दोन जोड, दोन बिलं, दोन्ही पूर्ण चुकती. एका रुपयाची सूट दिली नाही.